फसलेल्या केकच्या निमित्ताने

पदार्थ ‘फसला’ असे आपण मराठीत म्हणतो. करणारी फसत नाही, पदार्थ फसतो. भाषेजवळ असलेला हा समजूतदारपणा घरात मात्र औषधालाही सापडत नाही. चकली मऊ पडली, पुरण पातळ झाले, की ‘कशाने झाले?’ असे कोणी विचारीत नाही, ‘कोणी केले?’ असे विचारतात. नाव कळले की चौकशी संपली! भाजणीत काही कमीजास्त झाले होते का, तेल पुरेसे तापले होते का, याच्याशी कोणाला काही कर्तव्य नसते.

ही चौकशी एवढ्यावरच का थांबते, याचा विचार मी गेल्या श्रावणापासून करीत आहे. त्याला कारण माझ्या ताईचा केक. विषय किरकोळ आहे हे मला ठाऊक आहे. वार्षिक अंकात साहित्य, समाज, राष्ट्र असे लिहावे, केकवर काय लिहायचे, असे काही मैत्रिणींनी सुचवलेही. पण माझ्या मते समाज नावाची वस्तू जिथे स्पष्ट दिसते अशा जागा फार नाहीत, आणि स्वयंपाकघराचा ओटा ही त्यांतली एक आहे.

आम्ही शीळफाट्याला राहतो. आपल्या महाविद्यालयातील बऱ्याच जणांना शीळफाटा हे वस्तीचे नाव नसून वाहनांच्या रांगेचे नाव वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कल्याणहून आलेला रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो तो हा फाटा. कंटेनर, टँकर, बसगाड्या, रिक्षा सगळे इथे एकमेकांची वाट अडवून उभे. बसच्या खिडकीतून तीच ती टायरची दुकाने अर्धा-अर्धा तास बघावी लागतात. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदाही वांद्र्याहून निघून इथेच बाहेर येणार आहे, म्हणजे नकाशावर आमचे नाव ठळक होईल. रस्त्यामागच्या चाळींत आणि नव्या इमारतींत माणसे राहतात. अशाच एका चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहा जण. वडील टेम्पो चालवितात. ताई बारावी होऊन थांबली, मी पुढे आले. दोघींची फी एकदम झेपणार नव्हती, इतके ते गणित सरळ होते.

२०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली आणि घरोघरी केक होऊ लागले, हे सर्वांना आठवत असेल. कुकरच्या तळाशी मीठ पसरायचे, झाकणाची शिट्टी आणि रबर काढून टाकायचे आणि मंद आचेवर भांडे ठेवायचे. ताई तिथे शिकली. पुढे मोबाईलवर बघून बघून तिने हात बसवला. घरातले चार-पाच वाढदिवस तिच्या केकने झाले आणि सगळ्यांनी बोटे चाटली. मग तिने बचत गटातून आठ हजारांचे कर्ज काढून ओव्हन आणला. महिन्याला नऊशे रुपये हप्ता. समोरच्या इमारतीतल्या एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसासाठी एक किलोचा केक सांगितला गेला, ही तिची पहिली खरी ऑर्डर. तीनशे रुपये आगाऊ मिळाले. श्रावण असल्यामुळे अंडे चालणार नव्हते.

आदल्या संध्याकाळी केक भाजायला ठेवला. ओव्हन दहा मिनिटे आधी तापवावा असे पाककृतीत होते, त्याप्रमाणे तापवला होता. केक आत जाऊन वीस-बावीस मिनिटे झाली असतील, तोच वीज गेली. पाऊण तासाने आली. तोवर मधोमध वाटीएवढा खड्डा पडला होता. वरून तांबूस, कडेने घट्ट, आणि आत सुरी घातली तर पिठल्यासारखे ओले. दूध आटवून डबाबंद केलेले मिळते तो एकुलता एक डबा संपला होता, लोणीही संपले होते. पुन्हा सामान आणायचे म्हणजे आणखी चारशे-साडेचारशे रुपये. वडील म्हणाले, ‘आता यात आणखी एक पैसा घालायचा नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी आगाऊ रक्कम परत गेली आणि त्या बाळासाठी दुकानातला केक आला.

घरात त्यावर जे बोलले गेले ते इथे सगळे लिहीत नाही. एका नातेवाइकांचे वाक्य तेवढे सांगते: ‘बारावी झालेल्या मुलीला एक केक धड करता येऊ नये?’ आई म्हणाली, ओव्हन विकून टाक. वीज गेली हे त्या घरातल्या प्रत्येकाने पाहिले होते. पंखा थांबला तेव्हा सगळेच अंगणात येऊन बसले होते! तरीसुद्धा केक बिघडला तो ताईच्या हातून, असेच ठरले.

आता यात नेमके काय झाले ते पाहू. मी कला शाखेची. परंतु विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीला विचारायला कोणाची बंदी नाही.

केक फुगतो तो आत तयार होणाऱ्या वायूमुळे. खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले, त्यांना ओल मिळाली, की कर्बवायू निघू लागतो. नुसता सोडा घातला आणि आंबट काही नसले तर उष्णतेने थोडा वायू सुटतो खरा, पण मागे धुण्याच्या सोड्याचा अंश राहतो आणि केकला साबणाची चव येते. म्हणून सोडा व कोरडे आम्ल मोजून एकत्र केलेली बेकिंग पावडर निघाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये ती तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. (बायकोला सोसत नाही म्हणून नवऱ्याने शोध लावल्याचे हे उदाहरण मला तरी विरळा वाटते.) तर वायू निघतो, गरम होऊन पसरतो, पीठ वर उचलतो. पण उचलून धरायला भिंती लागतात. मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात तेव्हा त्या भिंती तयार होतात. भिंती पक्क्या होण्यापूर्वी उष्णता गेली, तर वायू आकसतो आणि सगळे घर खाली बसते. अंडे नसेल तर भिंती मुळातच अशक्त. म्हणजे श्रावणातला केक हा वर्षातला सर्वांत नाजूक केक होय.

वीज गेली हे अर्धेच कारण. दुसरे अर्धे कोणाच्या डोळ्यांना दिसले नव्हते. शेजारच्या वायरमन काकांनी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मीटर लावून पाहिले, तर विजेचा दाब दोनशेतीसऐवजी एकशेनव्वद होता. संध्याकाळी सगळ्या इमारतींचे पंप एकदम सुरू होतात, तेव्हा आमचे दिवे मिणमिणतात हे आम्ही रोजच पाहतो. माझ्या मैत्रिणीने हिशेब मांडून दाखवला. तारेत निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. दाब सहाव्या हिश्श्याने उतरला की उष्णता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरते. सोळाशे वॉटचा ओव्हन अकराशेचाच राहतो. दहा मिनिटांत तापायचा तो पंधरा मिनिटे झाली तरी तापत नाही. इकडे भिजवलेल्या पिठातला वायू हळूहळू निघूनही जात असतो. पाककृती लिहिणाऱ्याने ‘दहा मिनिटे’ लिहिले, ते त्याच्या घरच्या विजेच्या भरवशावर. आमच्या घरची वीज त्याला कशी ठाऊक असणार?

या ठिकाणी मला आपल्या पाककृतींच्या पुस्तकांविषयी थोडे म्हणायचे आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले, आणि ते घराघरांत गेले त्याचे एक कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची मापे. घरात वजनकाटा नसला तरी वाटी असतेच. एकच वाटी शेवटपर्यंत वापरली की प्रमाण चुकत नाही, मग ती वाटी लहान असो की मोठी. हे मोठे लोकशाही माप आहे असे मला वाटते. परंतु मोबाईलवरच्या केकमधला ‘एक कप’ म्हणजे चहाचा कप नव्हे. तो दोनशेचाळीस मिलिलिटरचा ठरलेला कप आहे. आमच्याकडच्या चहाच्या कपात त्याचा निम्मा ऐवजही मावत नाही. कप आमचा आणि चमचा त्यांचा घेतला, तर बेकिंग पावडर दुप्पट होते. ताईने हे फार पूर्वीच ताडले होते आणि प्लॅस्टिकचे मापाचे कप आणले होते. त्यामुळे तिचे माप बरोबर होते. पण किती जणींना हे कोणी सांगितले असेल? ‘तिच्या हाताला चव आहे’ असे म्हणून आपण स्वयंपाक करणाऱ्या बाईचा गौरव करतो. मला या गौरवाची भीती वाटते. चव हाताला असेल तर बिघाडही हातालाच चिकटणार! आमटीत तिखट जास्त झाले तर पाणी वाढवता येते, भात कच्चा राहिला तर हबका मारून पुन्हा झाकता येतो. आपला सगळा स्वयंपाक मध्ये मध्ये दुरुस्त करता येण्यासारखा आहे, म्हणून अंदाज चालतो. केकचे दार एकदा लावले की दुरुस्ती संपली.

बंद भट्टीत भाजण्याचे हे शास्त्र मराठी घरांत कधी रुजलेच नाही, त्याला इतिहासही आहे. पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. गोव्यात ताडीने पीठ फुगवून पाव भाजणारे पोदेर झाले, त्यांतले पुढे मुंबईला आले. नंतर इराण्यांच्या बेकऱ्या आल्या. पाव आला तो बाहेरच्या हातचा पदार्थ म्हणून. वसईकडे आणि गोव्यात अशी आख्यायिका सांगतात की पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचे पाणी प्यालेले सगळे गाव बाटले. खरेखोटे असो, लोकांना ते खरे वाटे हे महत्त्वाचे. १८४९ साली मुंबईत जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे परमहंस सभा स्थापन झाली. तिचे सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एक पाव खाणे हे धाडस होते! असा पदार्थ घरच्या चुलीजवळ कसा येणार? तो खायला लागल्यावरही आपण तो विकतच आणला. दिवाळीत नानखटाईचे पीठ घरी मळून, ट्रेमध्ये गोळे लावून, भाजायला मात्र जवळच्या बेकरीत न्यायचे, अशी पद्धत कितीतरी गावांत होती. पीठ आपले, भट्टी त्यांची.

अगदीच काही नव्हते असेही नाही. माझी आजी संगमेश्वरकडची. ती धोंडस करते. मोठी पिकलेली काकडी, म्हणजे तवसे, किसून त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालायचा, जाड पातेल्यात ओतून खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. दोन्हीकडून भाजून निघते. केकच की तो! फक्त तो फुगत नाही. जे फुगतच नाही ते बसणार कसे? आणि निखाऱ्यांची वीज जात नाही. आजीच्या धोंडसामागे तिच्या आईची, आजीची समज आहे. कितव्या निखाऱ्याला झाकण उचलायचे ते तिला बघून कळते. ताईच्या केकमागे कोण आहे? आईला केक येत नाही, आजीला येत नाही. अडले तर विचारायचे कोणाला?

हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो, आणि माझ्यासारख्या इतरांनाही वाटेल. आपल्या वर्गात निदान निम्मे विद्यार्थी असे असतील की ज्यांच्या घरातले कॉलेजात येणारे तेच पहिले. प्रवेशअर्जात मेजर काय, मायनर काय, श्रेयांक म्हणजे काय, हे आम्हांला घरी विचारता आले नाही. ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत त्यांना हे कधी शिकावेच लागले नाही. जेवताना कानांवर पडले. पण इतके असूनही महाविद्यालयाची व्यवस्था आमच्याशी घरापेक्षा उदारपणे वागते, हे मला मान्य केले पाहिजे. एखादा विषय राहिला तर एटीकेटी आहे. पुढच्या वर्गात बसा, तो विषय पुन्हा द्या. परीक्षेच्या दिवशी वीज गेली तर वेळ वाढवून मिळतो. त्या विद्यार्थ्याला ‘तुझ्या हाताला अभ्यासच नाही’ असे कोणी म्हणत नाही. ताईला मात्र एकदा पेपर देता आला आणि त्याच दिवशी तिचा निकाल लागला. चारशे-साडेचारशे रुपयांची एटीकेटी तिला मिळाली नाही.

वडिलांवर मी रागावलेली नाही. टेम्पोचा हप्ता, चाळीचे भाडे, माझी फी या सगळ्यांनंतर त्यांच्या खिशात प्रयोगाला जागा उरत नाही. फसण्याची ऐपत ही सुद्धा एक ऐपतच आहे. सुखवस्तू घरात केक बसला तर त्याचा फोटो काढून हसतात. आमच्याकडे तो कर्जाच्या वहीत जातो. तेलिचेरीच्या माम्बळ्ळी बापूंची गोष्ट सांगतात, की १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याने विलायती केक दाखवला आणि त्यांनी तो बघून, चाखून नाताळसाठी तसाच करून दिला. तो भारतातला पहिला नाताळचा केक. गोष्ट छान आहे. पण त्यांची स्वतःची बेकरी होती, भट्टी होती. शिवाय अशा गोष्टींत पहिलाच प्रयत्न नेहमी यशस्वी का होतो, हे मला कोडेच आहे. आधीचे किती बसले ते कोणी लिहून ठेवले नाही.

याउलट एक गोष्ट अशी आहे की जिच्यात फसण्याचीही नोंद राहिली. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच पुढे लिज्जत झाले. हे सगळ्यांना माहीत असते. पण पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले, हे फारसे कोणी सांगत नाही. ऊन नव्हते, यात त्या बायकांचा काय दोष? पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्याचा प्रश्न सुटला. मला यात खाटेपेक्षा ते चार महिने मोठे वाटतात. सात जणींनी मिळून तोटा वाटून घेतला म्हणूनच त्यांना पुढचे वर्ष उजाडले. एकटीच असती तर घरचे म्हणाले असते, पोळपाट विकून टाक.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपले बचत गट कर्ज देतात ते चांगलेच आहे, पण कर्ज एकेकीला, ओव्हन एकेकीचा आणि बुडणेही एकेकीचे, ही रीत बदलली पाहिजे. आमच्या गटातच तिघींनी तीन ओव्हन घेतले आहेत, आणि तिन्ही संध्याकाळच्या उतरलेल्या दाबावर चालतात. त्याऐवजी गटाची एक मोठी गॅसची भट्टी असावी, जिथे प्रत्येकीने आपले पीठ घेऊन जावे. नानखटाईचा ट्रे बेकरीत नेणाऱ्या बायका हेच करीत होत्या. (लाकडाची भट्टी मी म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत प्रदूषणाच्या कारणावरून मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. धूर आमच्या शीळफाट्याला काही कमी नाही.) आणि प्रत्येकीच्या पहिल्या तीन ऑर्डरी बिघडल्या तर सामानाचा खर्च गटाने सोसावा. यावर कोणी म्हणेल की मग बायका बेपर्वाईने केक बिघडवतील. ज्याने कधी स्वतःच्या हाताने लोणी फेटले आहे तो असे म्हणणार नाही.

ताईने ओव्हन विकलेला नाही. पहाटे पाच वाजता दाब पूर्ण असतो हे तिने वायरमन काकांकडून मोजून घेतले आहे, आणि आता ती पहाटे भाजते. मी अभ्यासाला उठते तेव्हा घरभर व्हॅनिलाचा वास असतो. दिवाळीपासून सहा ऑर्डरी झाल्या. त्यांतली एक कल्याण फाट्यापलीकडे पोचवताना वाहतुकीत दोन तास अडकली आणि वरचे क्रीम वितळले, पण तो वेगळा विषय आहे. सामाईक भट्टीचा प्रस्ताव तिने गटाच्या येत्या बैठकीसाठी लिहून दिला आहे. अर्जाचा मसुदा मी केला, आकडे तिचे. खजिनदार बाईंनी तो वाचून एवढेच विचारले आहे की भट्टीला जागा कोण देणार. चाळीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची एक खोली बंद पडून आहे. तिच्या मालकाला भेटायला ताई आणि दोघी-तिघी या रविवारी जाणार आहेत.

— द्वितीय वर्ष, कला